सरलाबाईंनी बदललेला शेवट

सरलाबाई वालावलकर मला पहिल्यांदा भेटल्या त्या १९६७ च्या जूनमध्ये, तळेऱ्याजवळच्या एका शाळेत. त्या मालवणहून बदली मागून आल्या होत्या. मी घाटावरची, नोकरीला नवी. पहिल्याच आठवड्यात शाळेतल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ह्याच त्या. कोकणीत नाटक लिहिलं, आणि नवऱ्याला भर सभेत खाली मान घालायला लावली."

नाटक लिहिणं हा गुन्हा कसा होतो ते मला कळेना. पुढे जवळजवळ तीन वर्षं आम्ही दोघी शाळेसमोरच्याच एका घरात राहिलो, एका चुलीवर रांधून जेवलो. त्या अवधीत तांदूळ निवडताना, वाटेनं चालताना, कधी नुसत्याच पायरीवर बसल्या असताना सरलाबाईंनी मला जे सांगितलं, ते मी इथे ओळीनं लावून सांगते आहे. त्यांनी ओळीनं सांगितलं नव्हतं.

त्यांचं माहेर कुडाळच्या बाजूचं, देवळाच्या शेजाराचं. लग्न होऊन मालवणातल्या मेढा भागात आल्या. नवरा श्रीपाद वालावलकर हायस्कुलात मराठी शिकवायचे. सारं मालवण त्यांना भाई म्हणे. भाई माणूस सरळ आणि भाषेच्या बाबतीत हट्टी. ऱ्हस्वदीर्घाची चूक त्यांना भातातल्या खड्यासारखी लागायची. वर्गात एखादा पोरगा "माका नको" म्हणाला की भाई त्याला बाकावर उभा करत आणि "मला नको" असं दहा वेळा म्हणायला लावत.

ह्या हट्टाला कारण होतं. तरुणपणी भाई कोल्हापूरला शिकायला गेले होते. पहिल्याच दिवशी प्राध्यापकांनी काहीतरी विचारलं आणि घाबरलेल्या भाईंच्या तोंडून निघालं, "माका ठावक नाय." सगळा वर्ग हसला. पुढे वर्षभर तिथे त्यांचं नाव 'माका' असंच पडलं. लग्नानंतर ही गोष्ट त्यांनी सरलाबाईंना हसत हसत सांगितली, पण सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. "आमच्या पोरांका कोणी हसता नये," असं भाई म्हणायचे. आणि हे वाक्य ते घरात मालवणीतच म्हणायचे. घरी आले की कोट खुंटीला आणि शाळेतली मराठी त्या कोटाच्या खिशात. मग "गो सरला, पाणी दी मगो," असं सुरू व्हायचं.

सरलाबाई मुलींच्या प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला शिकवत. दांडीच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार गाबितांच्या मुली वर्गात यायच्या, धडा ऐकायच्या आणि गप्प बसायच्या. सरलाबाई धडा आधी मालवणीत सांगत, मग पुस्तकातला वाचत. भाईंना ते पसंत नव्हतं, पण त्यावरून भांडण कधी झालं नाही. मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी दोघं बंदरावर फिरायला जात आणि गावाच्या गोष्टी बोलत. त्यांचा संसार सुखाचा होता, हे सरलाबाईंनी मला अनेकदा सांगितलं. सांगताना पुराव्यासारखं काहीतरी शोधत असल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

त्यांच्या मागीलदारी मासळी घेऊन यायची ती मथुरा. तिचा नवरा भिकाजी १९५२ साली नारळी पुनवेनंतरच्या वादळात होडीसकट गेला. बरोबरच्या दोघांची प्रेतं देवगडच्या बाजूला किनाऱ्याला लागली. भिकाजीचं काहीच मिळालं नाही. मथुरेनं कुंकू पुसलं नाही. वाडीतल्या म्हाताऱ्यांनी समजावलं, दीर गंगाराम रागावला, तिनं कोणाचं ऐकलं नाही.

एकदा सरलाबाई तिला म्हणाल्या, "मथुरा, लोक काय काय बोलतत गो तुझ्यार."

मथुरा टोपलीतले बांगडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बोलांदेत. दर्यान माझो घोव न्हेल्यान ह्या खरा. पण तो मेलो म्हणान दर्यान माका सांगूक नाय. मगे मी कोणाच्या सांगण्यार कुकू पुसू?"

ते वाक्य सरलाबाईंच्या डोक्यातून जाईना. त्यांना लिहायची हौस होती, मासिकांसाठी दोनचार कविताही त्यांनी लिहिल्या होत्या. आता त्यांनी मथुरेवर गोष्ट लिहायला घेतली. 'समुद्राने माझा पती नेला' असं पहिलं वाक्य लिहिलं आणि थांबल्या. हे बोलणारी बाई त्यांना दिसेचना. कुठली तरी पातळ नेसलेली, खुर्चीत बसलेली बाई दिसायची. मग त्यांनी कागद बाजूला सारला आणि मथुरेचंच बोलणं लिहून काढलं, जसंच्या तसं. गोष्टीची एकांकिका झाली. नायिकेचं नाव सावित्री ठेवलं. नाटकाला नाव दिलं 'अजून येवक नाय', म्हणजे अजून आलेला नाही.

फक्त शेवट होत नव्हता. मथुरा अजून वाट पाहत होती, आणि वाट पाहणाऱ्या बाईवर पडदा कसा पाडायचा? सरलाबाईंनी विचार केला आणि शेवट रचला. दुसऱ्यांच्या होड्या बंदरात येतात, गलका होतो, सावित्री त्या आवाजाकडे बघत राहते आणि मग स्वतःच्या हातानं कुंकू पुसते.

१९५४ च्या माघात, हळदीकुंकवाच्या समारंभात, देवळाच्या मंडपात बायकांनी ते नाटक केलं. मालवणीत सबंध नाटक, तेही रडवणारं, हे कोणी ऐकलेलं नव्हतं. त्या मुलखात दशावतार पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. तिथे राजा, ऋषी छापील मराठीत बोलतात आणि हसवायला येणारा तेवढा मालवणीत. घरातली भाषा म्हणजे गाऱ्हाण्याची, भांडणाची, नाहीतर हसण्याची. त्या दिवशी बायका पहिल्या पाच मिनिटांत सवयीनं हसल्या. मग हसू थांबलं. सावित्रीनं कुंकू पुसलं तेव्हा मंडपात हुंदके ऐकू येत होते. भाई पुरुषांच्या बाजूला उभे होते, त्यांनीही डोळे टिपले.

मथुरा मागच्या खांबाला टेकून पाहत होती. शेवटपर्यंत राहिली आणि गेली.

तीन दिवसांनी ती मागीलदारी आली. टोपली खाली ठेवून म्हणाली, "बाय, तुमच्या नाटकातल्या बायलेन कुकू कित्याक पुसल्यान?"

"नाटक गो ता. नाटकाक कायतरी शेवट करूक व्हयो."

"माझो शेवट झालो नाय अजून," मथुरा म्हणाली. मासळी दिली आणि गेली.

सरलाबाईंना ते टोचलं. पण त्याच महिन्यात कुडाळच्या बायकांनी नाटक मागितलं, मग सावंतवाडी, मग देवगड. ठिकठिकाणच्या हौशी मंडळांनी संहिता हातानं उतरवून नेल्या. लोक रस्त्यात थांबवून सांगत, "बाय, आमच्याच घरातला लिवलात." सरलाबाईंना आनंद झाला होता. त्या आनंदात मथुरेचं बोलणं मागे पडलं.

दोन वर्षांनी गंगारामच्या मुलीचं देवगडात लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांनी विचारलं, घरातल्या भावाचे दिवस घातले की नाही? दिवस घातले नाहीत, क्रिया झाली नाही, आणि बायको कुंकू लावून फिरते. अशा घरातली मुलगी कशी करायची? गंगाराम काही दुष्ट माणूस नव्हता. मुलगी उजवायची होती आणि भावाचं मरण त्याच्या दारात अडकून पडलं होतं. त्यानं वाडीतल्या जाणत्यांना जमवलं आणि मथुरेला पुढे बोलावलं. ती नेहमीचंच बोलली. तेव्हा गंगाराम म्हणाला, "अगे, नाटकातल्या बायलेन सुद्धा पुसल्यान! शिकलेल्या बायन लिवलेला आसा ता. तुझ्याच बाजूक बसान तुझाच लिवल्यान. तिका कळणा नाय आणि तुका कळता?"

वाडीतल्या बायकांनी नाटक पाहिलं होतं, त्या रडल्या होत्या. त्याही म्हणाल्या, "पूस गो मथुरा. तिनापण पुसल्यान."

दर्भाचा पुतळा करून भिकाजीची क्रिया झाली. मथुरा दुसऱ्या आठवड्यात मासळी घेऊन आली तेव्हा तिचं कपाळ मोकळं होतं. मथुरा त्यांना काहीच लावून बोलली नाही. वाडीत काय झालं ते तिनं सगळं सांगितलं, गंगारामचे शब्दही सांगितले. त्यानंतर ती मेढ्याच्या वाटेला आलीच नाही. मासळी बाजारात बसू लागली.

"मी तिका मारूक नाय," सरलाबाई मला एकदा म्हणाल्या, "पण तिच्या घोवाक मी मारलंय. तिना तो जपान ठेवलेलो."

त्याच महिन्यात त्यांनी शेवट बदलला. नव्या शेवटात होड्या येतात, गलका होतो, सावित्री पाहते आणि पुन्हा मासळी निवडायला बसते. पडदा पडतो तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू असतं. हा नवा शेवट त्यांनी सगळ्या मंडळांना कळवला. कोणी घेतला नाही. देवगडच्या मंडळाचा माणूस हसून म्हणाला, "बाय, कुकू पुसताना लोक रडतत. ताच काढलाव तर मगे बघूक कोण येतलो?"

आता सरलाबाईंना एकच मार्ग दिसत होता. नाटक छापून आणायचं. छापलेलं लोक खरं मानतील. त्यांनी भाईंना सांगितलं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. भाई सभा घेत होते, मोर्चात जात होते, एकदा पाठीवर लाठीचे वळ घेऊन घरी आले. सरलाबाईंनी त्या वळांवर तेल लावलं होतं. भाई म्हणाले, "छापूचा तर मी शुद्ध करून देतंय." आणि त्यांनी खरोखरच रात्रंदिवस खपून नाटक प्रमाण मराठीत उतरवलं. चांगलं उतरवलं होतं. सरलाबाईंनी वाचलं, आणि तीच पातळ नेसलेली बाई पुन्हा खुर्चीत येऊन बसली. त्यांनी ते बाजूला ठेवलं. भाईंना वाईट वाटलं.

सरलाबाईंनी मालवणीतलंच नाटक मुंबई-पुण्याच्या मासिकांना पाठवलं. उत्तरं यायची ती सभ्य असायची. बोलीचा वापर विनोदासाठी ठीक, पण गंभीर एकांकिका संपूर्ण बोलीत वाचकांना जड जाईल, प्रमाण भाषेत लिहून पाठवल्यास विचार करू. १९६० साली महाराष्ट्र झाला, भाईंनी गल्लीत साखर वाटली, सरलाबाईंनी दारात रांगोळी काढली. नाटक मात्र कपाटातच राहिलं.

१९६५ मध्ये गोव्याहून गुरुदास सावर्डेकर नावाचे गृहस्थ आले. सौम्य बोलणारे, पांढऱ्या बुशशर्टातले. सावंतवाडीच्या जत्रेत त्यांनी नाटक पाहिलं होतं. ते कोकणी मासिक काढत. ते त्यांच्या कोकणीत बोलत, सरलाबाई मालवणीत बोलत. ते 'म्हाका' म्हणायचे, ह्या 'माका'. कुठेच अडलं नाही. गुरुदास म्हणाले, एक अक्षरही न बदलता छापतो.

अकरा वर्षांत हे कोणीच म्हटलं नव्हतं. सरलाबाईंनी एकच अट घातली. "शेवट नवो छापूचो. कुकू पुसूचा नाय."

"तुमचेंच नाटक तें," गुरुदास म्हणाले. "तुमी म्हणटात तशेंच."

त्या संध्याकाळी सरलाबाईंनी भाईंना सांगितलं, गोव्याच्या एका मासिकाला नाटक दिलं. भाई वर्तमानपत्र वाचत होते. "दी मगो," म्हणाले. मासिक मराठी असणार, असं त्यांनी धरलं. सरलाबाईंनी ते कोकणी असल्याचं सांगितलं नाही. विसरल्या नव्हत्या. गोव्यात मराठी की कोकणी, गोवा महाराष्ट्रात यावा की वेगळा राहावा, हा वाद पेटला होता आणि भाई त्यात होते, हे त्यांना माहीत होतं. "मी सांगला असता तर ते नको म्हणाले असते," त्या मला म्हणाल्या. "म्हणान सांगूक नाय." ही आपली चूक त्यांनी कधी लपवली नाही.

पुढच्या वर्षी अंक आला. वर ठळक अक्षरात 'कोंकणी एकांकी'. आणि संपादकांची टीप, की तेरेखोल नदीच्या पलीकडे, महाराष्ट्रातही लोक कोंकणीच बोलतात, ही एकांकी त्याची साक्ष आहे. सरलाबाईंनी ती टीप वाचली आणि पान उलटलं. त्यांना शेवटचं पान हवं होतं. ते जसं हवं तसं छापलं होतं.

अंक पदराखाली घेऊन त्या मासळी बाजारात गेल्या. दहा वर्षांनी मथुरेसमोर बसल्या आणि तिला शेवटचं पान वाचून दाखवलं. मथुरा इसवण कापत होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "ही पुसणा नाय?"

"नाय."

"बरा केलंस," मथुरा म्हणाली. मग कोयता धुता धुता म्हणाली, "माका उशीर झालो."

तेवढंच. सरलाबाई घरी आल्या आणि अंक कपाटात ठेवला.

१९६७ च्या जानेवारीत गोव्यात जनमत कौल होता. त्याआधी महिनाभर भाई विलीनीकरणाच्या प्रचारासाठी पेडण्याच्या बाजूला होते. एका गावच्या सभेत ते तासभर बोलले. कोकणी काय, मालवणी काय, सगळ्या मराठीच्याच लेकी; सातशे वर्षांचं वाङ्मय कोणाचं, आपल्या पोथ्या, आपली कीर्तनं कुठल्या भाषेत? लोक ऐकत होते. मग विरोधी बाजूचा एक तरुण उठला. त्याच्या हातात तो अंक होता. "गुरुजी, ही लेखिका तुमची कोण?" असं विचारून त्यानं सरलाबाईंचं पूर्ण नाव वाचलं. वर छापलेले दोन शब्द वाचले. संपादकांची टीप वाचली. सभा हसली. हसणाऱ्यांत भाईंच्या बाजूचेही होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाई घरी आले. चहाही न घेता त्यांनी अंक टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?"

भाई घरात मराठीत बोलत आहेत, हे सरलाबाईंच्या लगेच ध्यानात आलं. त्या म्हणाल्या, "माझा नाटक. मी तुमका सांगलेलंय."

"कोकणी म्हणून छापणार, हे सांगितलं होतंस?"

"नाय सांगूक."

"मराठीत बोल."

सरलाबाई म्हणाल्या, "तुम्ही वाचलंत ते?"

"वाचायची गरज काय? वर लिहिलंय ना."

"मी शेवट बदललाय. तो छापून यावा म्हणून दिलं. तेवढा तरी वाचा."

"शेवट!" भाई ओरडले. "लोक माझ्या तोंडावर हसले, सरला. माझ्या तोंडावर."

त्यांचे कान लाल झाले होते. सरलाबाईंना त्यांच्याजवळ जावंसं वाटलं, पण त्या गेल्या नाहीत.

गावात बातमी भाईंच्या आधी पोहोचली होती. भाईंनी मित्रांशी बोलून ठरवलं, की मालवणात सभा घ्यायची. सरलाबाईंनी तिथे सांगायचं की नाटक मराठीच्या बोलीतलं आहे आणि त्या लोकांनी आपल्याला न विचारता त्याला कोकणी म्हटलं. म्हणजे तोंडं बंद होतील आणि पेडण्यातही छापील पत्रक वाटता येईल. सरलाबाई सभेला यायला तयार झाल्या. काय बोलणार ते भाईंनी विचारलं नाही. ते गृहीतच होतं.

सभा संध्याकाळी देवळाच्या मंडपात झाली. नाटक पहिल्यांदा झालं होतं त्याच मंडपात, पण ह्या वेळी पुढे पुरुष होते. भाई अध्यक्ष. सरलाबाई उभ्या राहिल्या आणि शाळेत बोलतात तशा स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "मी मुलींना मराठी शिकवते. महाराष्ट्र झाला तेव्हा मी दारात रांगोळी काढली. हे नाटक छापायला मी स्वतः दिलं. ते कोकणी मासिक आहे हे मला ठाऊक होतं. त्यांनी मला फसवलेलं नाही."

मंडपात कुजबुज झाली. भाई समोरच्या तांब्याकडे पाहत होते.

"मगे भाशा खंयची ती सांगा!" मागून कोणीतरी ओरडलं.

सरलाबाईंनी उत्तर तयार केलं नव्हतं. मराठीत शब्द शोधला, मिळाला नाही. "माझ्या आवशीची," त्या आईच्या बोलीतच म्हणाल्या. "आणि मथुरेची. त्या भाषेचा नाव काय, ता मी कधी विचारूक नाय."

"गोयात जावा मगे!"

"पोर्तुगीजांका नाटक दाखवा!"

ओरडणारे सगळे मालवणीतच ओरडत होते. सरलाबाई उभ्याच राहिल्या. अजून एक वाक्य बोलायचं होतं, मथुरेबद्दलचं, शेवट का बदलला ते सांगायचं होतं. पण भाईंनी उठून सभा संपल्याचं जाहीर केलं आणि चपला घालून बाहेर पडले. सरलाबाई त्यांच्या मागून घरी आल्या, दहा पावलं अंतर ठेवून, आणि बाजारपेठेतली माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन पाहत होती.

सकाळी दारावर शेण फासलेलं होतं. ते दोघांनी मिळून धुतलं.

त्या दिवसापासून भाईंनी घरात मालवणी सोडली. भांडण नाही, अबोला नाही. "जेवायला वाढ." "मी उद्या उशिरा येईन." "दिवा लावलास का?" सगळं नीट, सगळं शुद्ध. 'गो' हा शब्द घरातून गेला. शेजारीपाजारी, मासळीवाल्यांशी, पोस्टमनशी भाई पूर्वीसारखेच बोलत. बायकोशी तेवढे छापील बोलत. सरलाबाई सुरुवातीला मालवणीतच उत्तर देत राहिल्या. मग त्यांनाही ते विचित्र वाटू लागलं आणि त्याही मराठीत बोलू लागल्या.

कौलाचा निकाल लागला. गोवा वेगळा राहिला. भाई दोन दिवस जेवले नाहीत. तुझ्यामुळे झालं, असं ते म्हणाले नाहीत. तसं ते मानतही नसावेत, शहाणे होते. पण पेडण्याच्या त्या सभेपासून त्यांचं भाषण करणंच संपलं. पुढे हायस्कुलातही ते कोणाला बाकावर उभं करीनात. चुकलं तर चुकू देत. सरलाबाईंना हे सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी बदलीचा अर्ज केला. भाईंनी तो वाचला, त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि परत दिला.

अशा त्या तळेऱ्याला आल्या.

भाई महिन्यातून एकदा एसटीनं येत. नारळ, सोलं, कधी सुकी मासळी घेऊन येत. मी चहा करून देई आणि दोघांना ओटीवर बसलेलं पाही. दोन कचेऱ्यांतले अधिकारी भेटावेत तसे ते बोलत. मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, तुम्हाला मराठी इतकी छान येते. मग त्यात बोलायला एवढं जड काय?"

"बोलूक येता गो," सरलाबाई म्हणाल्या. "भांडूक येणा नाय माका मराठीत. आणि भांडल्याशिवाय समेट कसो होतलो?"

१९६९ च्या मार्चमध्ये, भर आठवड्यात, भाई अचानक आले. मधली सुट्टी होती. हातात काही नव्हतं. ते सरलाबाईंना म्हणाले, "मथुरा गेली. परवा. ताप होता."

सरलाबाई पायरीवर बसल्या.

"मी गेलो होतो," भाई म्हणाले. "तुला कळवायला वेळ नव्हता. कोणीतरी जायला हवं होतं."

मग म्हणाले, "तो अंक आहे का इथे?"

सरलाबाईंनी पेटीतून अंक काढून दिला. दुपारी वर्ग सुरू झाले, आम्ही दोघी शिकवत होतो, आणि खिडकीतून दिसत होतं, भाई ओटीवर चष्मा लावून वाचत आहेत. नाटक लहान. त्यांना ते वाचायला शाळा सुटेपर्यंत वेळ लागला.

आम्ही आलो तेव्हा अंक मिटून शेजारी ठेवलेला होता. भाईंनी विचारलं, "तिनं हे ऐकलं होतं?"

"हो. बाजारात वाचून दाखवलं."

"काय म्हणाली?"

"बरं केलंस म्हणाली. आणि मला उशीर झाला म्हणाली."

भाईंनी मान हलवली. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा पुसला. त्यांना काही म्हणायचं होतं असं मला वाटलं, म्हणून मी आत गेले. थोड्या वेळानं दोघं फाट्याकडे चालत गेली. मालवणची गाडी तिथूनच मिळायची.

सरलाबाई दिवेलागणीला परतल्या. मी विचारलं, "काही बोलले?"

"मे महिन्यात घरी ये म्हणाले."

"मालवणीत?"

"मराठीत," त्या म्हणाल्या आणि तांदूळ घ्यायला आत गेल्या.

त्या मे महिन्यात त्या मालवणला गेल्या, जूनमध्ये परत आल्या, आणि पुढच्या वर्षी बदली करून घेऊन कायमच्या गेल्या. घरातली बोलणी कुठल्या भाषेत होतात, हे मी पत्रातून कधी विचारलं नाही. त्यांची मला येणारी पत्रं मराठीत असत, वेलांट्या बिनचूक. दुसरं नाटक त्यांनी लिहिलं नाही. 'अजून येवक नाय' मात्र गावोगावची मंडळं करत राहिली, मेमध्ये सुटीवर येणारे चाकरमानीही करत. नवा शेवट एकदाही रंगभूमीवर आला नाही. जिथे जिथे प्रयोग झाला तिथे सावित्री कुंकू पुसत राहिली, आणि लोक रडत राहिले.